कापसाच्या गाठोड्यातला लॅपटॉप

नेरहून कळंबला जायला एसटी आहे. यवतमाळला बदलावी लागते, एवढंच. हे मला माहीत नव्हतं असं कोणी समजू नये. आमच्या गल्लीतल्या प्रत्येकाने ते मला निघायच्या आधी येऊन सांगितलं, आणि परत आल्यावर पुन्हा एकदा सांगितलं. तरी मी सायकलने गेलो. का गेलो आणि वाटेत काय काय झालं, ते त्या रस्त्याने नुसते खिडकीतून गेलेल्यांसाठी लिहीत आहे. माझी शाळा चौथीत सुटली. लिहायला बसलो की मास्तर मागे उभा आहे असं वाटतं, म्हणून मी शुद्ध लिहितो. बोलणारे मात्र जसे बोलले तसेच ठेवले आहेत. लोकांची तोंडं सुधारणं माझ्या हातचं नाही.

घरून निघण्याआधी

मी वामन. धंद्याने कासार. सायकलच्या कॅरिअरवर बांगड्यांची पेटी बांधून नेर तालुक्यातली खेडी आयुष्यभर फिरलो. काचेचा माल आणि बैलगाडीचे रस्ते. धंदा सोडला तेव्हा माझे गुडघे कुरकुरत होते, पेटी नाही.

माझी नात वैष्णवी, म्हणजे माझ्या मुलाची, दिलीपची मुलगी, कळंबला राहते. तिथे तिच्या आत्याचं, माझ्या लेकीचं, घर आहे. तिथून ती रोज सायकलने आडरस्त्याच्या एका गावात जाते आणि ग्रामपंचायतीत संगणकाचं काम करते. लोकांचे दाखले काढते, अर्ज भरते. गावात लाइन कधी असते, कधी नसते. म्हणून टेबलावरचा मोठा संगणक शोभेला आहे आणि खरं काम तिच्या स्वतःच्या लॅपटॉपवर चालतं. आता तिचं रोजचं सामान बघा. लॅपटॉप, त्याचा चार्जर, डबा, पाण्याची बाटली, कागदांची फाइल, हवा भरायचा पंप. आम्ही पोट भरायला पेटी नेत होतो, ही पोरगी अख्खं हापिस नेते. दिवाळीच्या आधी एक दिवस तिने बॅग हँडलला अडकवली, पुढचं चाक गिट्टीवर घसरलं, आणि लॅपटॉपची काच गेली.

आमच्या धंद्यात बांगडी फुटली म्हणत नाहीत, वाढली म्हणतात. फोनवर सवयीने मी विचारलं, "वाढला का लॅपटॉप?" तर तिकडे पोरगी रडत होती ती हसायला लागली.

दिलीपने अमरावतीला नेऊन काच बदलून आणली. आणली ती कपाटात ठेवली आणि म्हणाला, बस झालं आता. पोरीने काचेचं सामान घेऊन रानातून सायकल हाणायची, हे काही काम नव्हे. घरी ये, नेरातच काही पाहू. त्याचं 'पाहू' म्हणजे काय, ते आमच्या घरात मांजरालाही माहीत आहे. वैष्णवीने फोनवर एवढंच सांगितलं की तिला काम सोडायचं नाही. दिलीपने फोन ठेवून दिला.

मी जेवत होतो. म्हणालो, दोष सामानाचा नाही, बांधणाऱ्याचा आहे.

"बाबा, त्या बांगड्या नाहीत," दिलीप म्हणाला.

"काच तर आहे ना?"

"एवढं वाटते तर तुम्हीच न्या मग कळंबले. सायकलवर. पाहू कसा पोचते तर."

तो रागात बोलला. पण माझ्यासमोर बोललेलं मी खाली पडू देत नाही. म्हणालो, ठरलं. लॅपटॉप सायकलवर कळंबला धड पोचला, तर पोरगी काम करील आणि तू त्यावर बोलणार नाहीस. वाटेत त्याला काही झालं, तर मीच तिला पुढे घालून घरी आणीन. सुनेची भाकर तव्यावर करपली, पण त्या वेळी कोणी तिला बोललं नाही.

बांधायला मला एक दुपार लागली. वैष्णवीची पाठीवरची बॅग घरीच होती. लॅपटॉप त्यातच न्या असं सून म्हणत होती. मला ते पटलं नाही. पाठीवर हमाल ओझं नेतो, कासाराचा माल कॅरिअरवर जातो. बॅगेत मी चार्जर, सदरा आणि शिदोरी भरली. आता लॅपटॉप. काचेचा कायदा एकच आहे, वाजली की गेली. पेटीत बांगड्या अशा गच्च बसवायच्या की पेटी हलवून कानाशी धरली तरी आतून हूं नाही की चूं नाही. मग लॅपटॉपभोवती गच्च काय बसवावं? घरात नुकताच वेचलेला कापूस पडला होता. त्याच्याहून मऊ देवाने काही केलेलं नाही. जुनं धोतर अंथरलं, हातभर कापूस, त्यावर लॅपटॉप, वर पुन्हा हातभर कापूस. चारी कोपरे गाठले आणि सायकलच्या जुन्या ट्यूबांनी गाठोडं कॅरिअरवर आवळलं. दोन्ही हातांनी हलवून कान लावला. चूप.

दिलीप ओसरीतून पाहत होता. त्याला हसू येत होतं की राग, ते मिशांमुळे कळलं नाही.

नेरपासून पुढे

नेर सोडलं की यवतमाळपर्यंत रस्ता हळूहळू चढतो. एसटीत बसणाऱ्याला हे कळत नाही, ते फक्त मांड्यांना कळतं. सकाळची थंडी होती. तुरीला पिवळा फुलोरा आलेला आणि मधे मधे कापसाची शेतं अशी पांढरी, की कोणी रात्रीतून धुणं वाळत घातलंय. वेचणाऱ्या बाया कंबरेला ओटी बांधून ओळीने चालल्या होत्या. एकीने बांधावरून हाक दिली, बाबाजी, कापूस कुठं घेऊन चालले? मी म्हणालो, कळंबले. ती म्हणाली, काहून, तिकडे काय कापसाचे दागिने करतात? सगळ्या हसल्या. मी घंटी वाजवून पुढे गेलो. मनात म्हणालो, हसा. वरून कापूस, आत काच. माझ्यासारखं बांधून दाखवा.

ऊन चढल्यावर एका फाट्यावर चहाचं दुकान लागलं. त्याच्या शेजारी तीन बल्ल्या उभ्या करून मोठा काटा टांगलेला. हंगामात असे खासगी व्यापारी फाट्याफाट्यावर बसतात. मी सायकल स्टँडला लावली, चहा घेतला, बशीत ओतला.

आता आमच्याकडची एक रीत सांगतो, बाहेरच्यांना माहीत नसेल. कापसाचं गाठोडं काट्यापाशी थांबलं, म्हणजे ते विकायलाच आलेलं असतं. तिथे कोणी कोणाला विचारत नाही. विचारलं तर शेतकऱ्याला वाटतं, आपला माल घ्यायची ह्याची इच्छा नाही. ही रीत मला लहानपणापासून माहीत आहे. फक्त त्या दिवशी मी स्वतःला कासार समजत होतो आणि बाकीचे मला शेतकरी समजत होते.

बशी तोंडाला लावली आणि पाहतो तर व्यापाऱ्याच्या हमालाने ट्यूबा सोडून माझं गाठोडं काट्याच्या आकड्याला अडकवलेलं. ते हवेत झोके घेत होतं. मी बशीसकट धावलो. तोवर हमाल काट्याकडे पाहून ओरडला, मालक, गाठोडं एवढंसं अन् वजन पाहा. बुढ्यानं गोटा टाकला वाटते आत.

वजन वाढवायला कापसात दगड घालणारे लोक आहेत, हे मी नाकारत नाही. पण मला तसं म्हणणं! मी बोलायच्या आत हमालाने कोपरापर्यंत हात घातला, आत चाचपलं, आणि त्याचा चेहरा बदलला. हळूच त्याने हात बाहेर काढला. हातात लॅपटॉप, वरून सरक्यांसकट कापूस लोंबतोय.

व्यापारी तरुण होता, कानाला फोन लावून होता. त्याने फोन खाली घेतला. म्हणाला, "बाबाजी, लोकांनी कापसात गोटे टाकलेले पाह्यले, रेती पाह्यली, पाणी मारलेलं पाह्यलं. हे पह्यल्यांदा पाहून राह्यलो."

लोक जमले. मागून कोणीतरी म्हणालं, चोरीचा असन.

ते मला लागलं. मी बशी खाली ठेवली आणि म्हणालो की मी नेरचा वामन कासार आहे, ह्या तालुक्यातल्या अर्ध्या बायांचे हात मी हातात घेतलेले आहेत. ते मी अभिमानाने म्हणालो. लोक का हसले ते मला दोन वाक्यांनंतर कळलं. चहावाली मात्र पुढे आली, पिकल्या केसांची बाई. ती माझ्याकडे निरखून म्हणाली, "व्हय, हाच तो. माह्या लग्नाचा चुडा यानंच भरला. बोटं मोडून ठेवले होते मेल्यानं."

एवढ्या मोठ्या साक्षीवरही व्यापाऱ्याचं समाधान झालं नाही. मी वैष्णवीला फोन लावला आणि त्याच्या हातात दिला. त्याने तो स्पीकरवर टाकला. लॅपटॉप कोणाचा, कसा, त्याच्या झाकणावर काय खूण आहे, सगळं तिने धडाधड सांगितलं. मग तिने विचारलं, पण तो तुमच्याजवळ कसा. व्यापारी म्हणाला, कापसात निघाला.

"आबाजी तिथं आहेत का?" तिने विचारलं. "आबाजी, पहिले तो कापूस काढा. त्याले खालून हवा घ्याले भोकं असतात. धागे आत गेले तर तापून बंद पडते तो."

मी लोकांकडे बघून म्हणालो, आवाज नीट येत नाही. सगळ्यांना नीट आला होता.

तिथे मात्र मी कापूस काढला नाही. चार लोकांसमोर आपलं बांधलेलं आपण सोडणं मला जमत नाही. पुन्हा तसंच बांधलं, चहावालीला रामराम केला आणि निघालो. पुढच्या वळणावर कोणी नाही असं बघून सगळं उपसलं. आता कापूस रस्त्यात टाकवत नाही, म्हणून धोतर फाडून निम्म्यात त्याचं एक गाठोडं केलं आणि लॅपटॉप नुसता उरलेल्या निम्म्यात गुंडाळून त्याच्यावर बांधला. यवतमाळपर्यंत प्रत्येक खड्ड्याला मी मागे हात नेऊन चाचपत होतो. वाजला असता तर कळलं असतं. ह्या वस्तूची अडचण ही की ती जायच्या आधी वाजत नाही.

यवतमाळ, सलीमभाईकडे

यवतमाळात माझा मुक्काम सलीमभाईकडे असतो. सायकल दुरुस्तीचं त्यांचं दुकान पुढे, घर मागे. माझ्या चाकांचे आरे त्यांनी इतक्या वेळा ओढले आहेत की ती सायकल निम्मी त्यांची आहे. माझ्या दाढीत, भुवयांत कापूस पाहून ते म्हणाले, वामनभाऊ, बुढापा एकदम से आ गया क्या.

हकीकत ऐकून त्यांनी आधी लॅपटॉप उलटा धरला आणि दुकानातल्या हवेच्या मशीनने लांबूनच हळू हळू फुंकर मारली. भोकांतून धाग्यांचे गुंते बाहेर आले. भाभी म्हणाल्या, उशी भरता येईल.

जेवायला खट्टी डाळ, भात आणि वांगी. त्यांच्या घरी जेवणाची माझी नेहमी फजिती होते. आमच्याकडे पाहुणा दोनदा नको म्हणतो, वाढणारा तिसऱ्यांदा वाढतो, आणि दोघांचाही मान राहतो. त्यांच्याकडे नको म्हटलं की भाभींचा चेहरा उतरतो. का, चांगलं नाही झालं? मग नको म्हणायची सोयच नाही. आमच्यात लाजून उपाशी राहायची भीती, त्यांच्यात लाजून फुटायची. मी तीनदा भात घेतला.

तेवढ्यात दिलीपचा फोन आला.

"पोचला का?"

"मी का लॅपटॉप?"

"दोघंबी."

"दोघं जेवलो," मी म्हणालो आणि ठेवला.

जेवण झाल्यावर सलीमभाईंना कल्पना सुचली. कॅरिअर चाकाच्या डोक्यावर बसलेलं असतं, सगळा मार तिथेच. सायकलच्या मधल्या त्रिकोणात ट्यूबांचा झोका बांधायचा आणि लॅपटॉप त्यात निजवायचा. गचका आला तर झोका हलेल, लॅपटॉप नाही. मला ती इतकी आवडली की माझीच वाटायला लागली. गाठी कशा माराव्यात ह्यावर आमचं भांडण झालं, दोन गाठी त्यांच्या आणि दोन माझ्या असं ठरलं. झोका तयार झाला. सलीमभाई लांब जाऊन बघत म्हणाले, "बच्चे के माफिक सोता हुआ जायेगा, वामनभाऊ."

भाभी दारातून बघत होत्या. त्या म्हणाल्या, "और घुटने कहाँ जायेंगे?"

आम्ही दोघांनी एकाच वेळी हात हलवून त्यांना आत जायला सांगितलं.

कळंबच्या वाटेवर

गुडघे कुठे जातात ते मला सकाळी गाव सुटायच्या आत कळलं. उजवं पायडल मारलं की उजवा गुडघा लॅपटॉपला, डावं मारलं की डावा. वाजत होता आता! मग मी गुडघे बाहेर काढून बेडकासारखी सायकल चालवायला लागलो. एक ट्रकवाला शेजारून जाताना हळू झाला, खिडकीतून डोकं काढून मला नीट बघून घेतलं आणि मगच गेला.

कापसाचं गाठोडं सलीमभाईंकडे ठेवून आलो होतो. भाभी खरंच उशी करणार होत्या.

कळंबकडचा रस्ता आता चारपदरी झालाय. माझ्या उमेदीत दोन्ही बाजूंची झाडं वर एकमेकांना भेटायची, आता मधे दुभाजकात कण्हेर. दोन्हीकडे टेकड्या, त्यांच्यावर साग उभा, त्याची मोठी पानं वाळून खडखडत होती. रस्ता चांगला पण कडेची पट्टी वाईट, तिथे गिट्टी आणि फुटलेल्या बाटल्या. सायकलवाल्याला तीच पट्टी मिळते. मी बराच वेळ उतरून सायकल धरून चाललो. चालताना हिशेब सुचला, की असं चालत गेलं तर पोरगी हापिसात पोचेल तेव्हा हापिस सुटलेलं असेल.

मोहाच्या झाडाखाली बसून भाकर, ठेचा आणि कांदा खाल्ला. खाताना समोर पाठीवरची बॅग दिसत होती. पोरीने आत जाड अस्तराचा एक वेगळा कप्पा घेतलेला, लॅपटॉपच्याच मापाचा. सून दोन दिवसांपूर्वी तेच सांगत होती. मी आजूबाजूला पाहिलं. माणूस नव्हतं, एक म्हैस होती. सदरा आणि उरलेली शिदोरी धोतरात बांधून कॅरिअरवर टाकली, लॅपटॉप कप्प्यात सरकवला, बॅग पाठीवर घेतली आणि पट्टे आवळले. म्हैस बघत राहिली.

सांगायला जड जातं, पण फरक पडला. खड्डा आला की मी सीटवरून थोडा उठायचो, खड्डा सायकलला बसायचा, मला नाही, आणि मला नाही म्हणून लॅपटॉपलाही नाही. कॅरिअरला गुडघे नसतात, मला आहेत. कुरकुरतात, पण वाकतात. एक उतार मी पायडलवर उभा राहून उतरलो, वारा छातीवर, आणि माझ्या वयाला जे शोभत नाही असं काहीतरी मोठ्याने गायलो. एक खोट मात्र आहे. पाठ पाण्यासारखी भिजते. पोरी बॅग हँडलला का अडकवतात, ते मला तिथे उमगलं.

कळंब

कळंबला आलो की चिंतामणीचं दर्शन घेतल्याशिवाय मी कोणाच्या दारात जात नाही. आमच्याकडे देवाला जायचं तर चढायचं असतं, इथे पायऱ्या उतरून खाली जायचं. आत गारवा होता. मी हात जोडून देवाला सरळ सांगितलं, आता घर दिसण्याच्या अंतरावर आहे, इथे काही करू नकोस.

वर येऊन मी एक काम केलं. सायकल भिंतीशी लावली, बॅग पाठीवरून काढली, लॅपटॉप बाहेर काढला आणि धोतरात गुंडाळून पुन्हा कॅरिअरवर बांधायला घेतला. लेकीच्या घरी मी कॅरिअरवर माल बांधून जाणार होतो, जसा आयुष्यभर गेलो. शेवटची गाठ मारत होतो तेव्हा मागे सायकलची घंटी वाजली. वैष्णवी कामावरून येत होती. ती उतरली, पाया पडली, गाठीकडे पाहिलं, माझ्या सदऱ्याकडे पाहिलं.

"आबाजी, पाठीवर एवढा चौकोनी घाम कसा आला?"

"दर्शनाले गर्दी होती."

"बरं," ती म्हणाली. आणि माझी गाठ न सोडता बाजूबाजूने सायकल धरून घरापर्यंत चालत आली. त्या पोरीत माझं रक्त नाही. माझ्यात एवढा दम नसता निघाला.

घरी लेकीने चहा टाकला. वैष्णवीने लॅपटॉप मांडीवर घेऊन उघडला, बटण दाबलं. काही नाही. पुन्हा दाबलं. काही नाही. लेक चहाचं भांडं तसंच हातात धरून उभी राहिली. मला गाठोडं, आकडा, झोका, गुडघे, सगळं एकदम आठवलं, आणि पोरीला पुढे घालून घरी नेताना रस्ताभर काय बोलावं तेही. वैष्णवीने शांतपणे चार्जर मागितला. दोन दिवसांत त्याला कोणी जेवू घातलं नाही, ती म्हणाली. चार्जर लावला, थोडं थांबली, आणि उजेड आला. मी चहा मागितला, जास्त साखरेचा.

फोन मीच लावला. दिलीपला म्हणालो, पोचला, धड पोचला, उजेड पडलाय. तो म्हणाला, "दोन दिवस लागले ना? पोरीले दहा वाजता हजर राहा लागते. अन् अर्धा रस्ता तुम्ही ढकलत नेली असन सायकल."

मुलगा आहे माझा. मी म्हणालो, ठरलं तसं झालं. तो म्हणाला, ठरलं ते चालवत न्यायचं. मग म्हणाला की पहाटेच्या गाडीने निघतो, तिचं सामान बांधून ठेवा. फोन स्पीकरवर नव्हता, पण वैष्णवीने माझ्या तोंडावरून ऐकला.

ग्रामपंचायतीच्या गावी

सकाळी दिलीप आला तेव्हा वैष्णवी वेणी घालून तयार होती. सामान बांधलेलं होतं, पण कामावर जायचं. तिने बापाला चहा दिला, पाया पडली आणि म्हणाली, "बाबा, आज लोकांले दाखले घ्याले बोलावलं आहे मी. काय बोलाचं ते वाटंनं बोलू."

"कायच्यावर जाऊ मी?"

तिने आत्याच्या घरची सायकल दाखवली. दिलीप मोटारसायकलवर बसायला लागल्यापासून त्याचं पोट सायकलच्या कामाचं राहिलेलं नाही. तो काही म्हणायच्या आत वैष्णवीने लॅपटॉपची बॅग उचलून त्याच्या पाठीवर चढवली. तुम्हीच न्या आज, ती म्हणाली. पट्टे त्याच्या मापाला लांब केले. मग ओढणी छातीवरून आडवी घेऊन दोन्ही पट्टे एकमेकांना बांधले, म्हणजे बॅग पाठीवर डोलत नाही. डबा आणि पाणी तिच्या कॅरिअरवर, कागदांची फाइल प्लास्टिकमध्ये डब्याखाली. हँडल रिकामं. पडल्यापासून तिने हे सगळं मनाशी बसवलेलं होतं. मला विचारलं नव्हतं. मला थोडं वाईट वाटलं, पण बांधणी चांगली होती, हे मान्य करावं लागलं.

वैष्णवी पुढे, दिलीप मधे, मी मागे. पहिला काही वेळ दिलीपचं हँडल इकडे तिकडे पळत होतं, मग बसलं. सोयाबीन निघून गेलेली काळी शेतं, कुठे हरभऱ्याची कोवळी रोपं, एका नाल्यावरचा बुटका पूल. समोरून येणारे लोक वैष्णवीला ओळखत होते. एकाने दिलीपकडे बोट करून विचारलं, हे नवीन साहेब का. ती म्हणाली, नाही, लॅपटॉपवाले आहेत. चढ होता, दिलीपला श्वास बोलायला पुरत नव्हता.

पुढे रस्ता उखडलेला आणि गिट्टी पसरलेली. दिलीपने ब्रेक लावले.

"इथंच पडली होती का?"

"इथंच," वैष्णवी म्हणाली. तिनेही पाय टेकला. "उतरू नोका, बाबा. उतरलं की पाय घसरते. हँडल ढिलं धरा अन् सीटवरून उठा फक्त."

मी मागून पाहत होतो. दिलीप सीटवरून उठला, पोट हँडलवर आलं, कान लाल झाले. सायकल खडखडत, डुलत गेली. पाठीवरची बॅग जागची हलली नाही. तो पलीकडे पोचला, एक पाय टेकवून थांबला आणि वळून मुलगी येते का ते पाहत राहिला. ती आली, पाणी पिऊन आल्यासारखी.

पंचायतीच्या पायरीवर लोक बसलेले होते. दोन म्हाताऱ्या, एक पागोटेवाला, एक लेकुरवाळी. वैष्णवीने कुलूप काढलं. लाइन गेलेली होती, ते कोणाला नवीन नव्हतं. दिलीपने बॅग स्वतःच आत नेली, टेबलावर ठेवली, लॅपटॉप बाहेर काढून दोन्ही हातांनी तिच्यासमोर मांडला. त्याचा सदरा पाठीला चिकटला होता. ती कामाला लागली. एका म्हातारीचं नाव कागदावर वेगळं आणि तोंडात वेगळं होतं, ते ती तिच्याकडून पुन्हा पुन्हा वदवून घेत होती.

दिलीप दाराशी उभा होता. आता भाषण करील, म्हणून मी माझं उत्तर तयार केलं. त्याने विचारलं, "सुट्टी कधी होते तुले?"

"पाचले."

"मग मी फाट्यावरून गाडी पकडतो. सायकल आबाजी नेतील."

ती मान खाली घालून टाइप करत होती, पण तिची बोटं थांबली.

दिलीपने रिकामी बॅग उचलली, बाहेर आला आणि माझ्याशेजारी पायरीवर बसला. मांडीवर बॅग पालथी घातली आणि एकेक पट्टा ओढून लहान करायला लागला. एक केला, दुसऱ्याशी लावून पाहिला, पुन्हा थोडा ओढला.

"माह्या पाठीच्या मापाचे राह्यले तर जाताना लोंबन ते तिले," तो म्हणाला. माझ्याकडे न बघता.

मी रस्त्याकडे बघत बसलो. बोललो असतो तर त्याने ते पुन्हा ढिले केले असते.